पानवल नदीवरील पूल

कोकणातील नद्या लांबीने आखूड, परंतु स्वभावाने मोठ्या तडफदार आहेत. एका बाजूस सह्याद्रीचा कडा आणि दुसऱ्या बाजूस समुद्र. या दोहोंमधील अंतर फारसे नाही. त्यामुळे डोंगरावर पडलेले पाणी थोड्याच वेळात खाडीला जाऊन मिळते. उन्हाळ्यात ज्या नदीच्या पात्रातून गुराखी मुले दगडावरून दगडावर उड्या मारीत पैलतीरी जातात, त्याच नदीजवळ आषाढात उभे राहावयाचीही भीती वाटते. हजारो वर्षे असेच धावत राहून या नद्यांनी कोकणच्या भूमीत खोल दऱ्या कोरल्या आहेत.

रत्नागिरी तालुक्यातील पानवल नदी ही अशाच लहान नद्यांपैकी एक होय. भारताच्या मोठ्या नकाशात तिचे नाव शोधूनही सापडणार नाही. तरी पण रत्नागिरीहून दक्षिणेकडे निवसर स्थानकाकडे निघालेली आगगाडी या नदीच्या दरीवर आली, की खिडकीजवळ बसलेला प्रवासी क्षणभर बोलणे विसरतो. पायांखालची जमीन एकाएकी नाहीशी होते आणि खूप खाली झाडांचे शेंडे हिरव्या गवतासारखे दिसू लागतात. या ठिकाणी कोकण रेल्वेचा पूल ४२४ मीटर लांब असून दरीच्या तळापासून त्याची उंची ६४ मीटर आहे. दिल्लीचा प्रसिद्ध कुतुबमिनार सुमारे ७३ मीटर उंच आहे, हे ध्यानात घेतले म्हणजे या उंचीची कल्पना येईल. हा पूल पुरा झाला, तेव्हा भारतातील रेल्वेच्या पुलांत तो सर्वांत उंच होता.

एवढ्याशा नदीवर एवढा उंच पूल का बांधावा लागला? तो बांधला कसा? आणि बांधून झाल्यावर काम संपले काय? या तीन प्रश्नांची उत्तरे म्हणजेच या पुलाचा इतिहास होय.

कोकण आणि मुंबई यांचा संबंध फार जुना आहे. मुंबईतील गिरण्या, गोद्या आणि घरे यांतून राबणारे हजारो लोक कोकणातून आलेले असत. गावी जावयाचे तर आगबोट हाच त्यांचा मुख्य मार्ग होता. परंतु पावसाळ्यात समुद्र खवळला, की बोटी बंद होत. ज्या बोटी तेव्हाही थोड्या अंतरावर जा-ये करीत, त्यांचा प्रवास धोक्याचा असे. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसकडे निघालेली ‘रामदास’ नावाची बोट वादळी समुद्रात बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसे प्राणांस मुकली. पुढे रस्त्यांवर मोटारी धावू लागल्या. परंतु घाटांतील वळणे, नद्यांचे पूर आणि कोसळणाऱ्या दरडी यांमुळे तोही प्रवास कष्टाचाच होता. कोकणातून आगगाडी जावी, अशी मागणी म्हणूनच पुनःपुन्हा होऊ लागली.

ही मागणी पुरी होण्यास पुष्कळ काळ लागला. अर्जुन बळवंत वालावलकर यांनी या मार्गाची पाहणी करून तो होऊ शकतो, हे मोठ्या चिकाटीने मांडले. राजापूर मतदारसंघाचे खासदार बॅरिस्टर नाथ पै आणि त्यांच्यानंतर प्राध्यापक मधु दंडवते यांनी लोकसभेत कोकणची ही गरज सातत्याने बोलून दाखविली. १९८६ मध्ये मुंबईकडून येणारा लोहमार्ग रोह्यापर्यंत पोहोचला. पुढे १९९० मध्ये, जॉर्ज फर्नांडिस हे रेल्वेमंत्री असताना, कोकण रेल्वे महामंडळाची स्थापना झाली. केंद्र सरकारच्या जोडीने महाराष्ट्र, गोवा, कर्नाटक आणि केरळ या चार राज्यांनी त्यात भांडवल घातले, आणि रोख्यांच्या रूपाने जनतेकडूनही पैसा उभारण्यात आला. महामंडळाची धुरा ई. श्रीधरन या अनुभवी इंजिनियरकडे सोपविण्यात आली. रोह्यापासून मंगळूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरांचा हा मार्ग. त्यावर नव्वदाहून अधिक बोगदे आणि लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावयाचे होते.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. मोटारीचा रस्ता दरीपाशी आला, की वळणे घेत घेत खाली उतरतो, नदीवरील लहानशा पुलावरून पलीकडे जातो आणि पुन्हा वळणे घेत वर चढतो. आगगाडीला असे का करता येऊ नये? याचे कारण तिच्या चाकांत आहे. रबरी चाक रस्त्याला घट्ट धरून चालते. लोखंडी चाक मात्र गुळगुळीत लोखंडी रुळावर फिरते. म्हणूनच थोड्या शक्तीने फार मोठे ओझे ओढणे आगगाडीला साधते. पण त्याच कारणाने तीव्र चढ तिला चढवत नाही आणि तीव्र उतारावर तिला आवरणे कठीण होते.

कोकण रेल्वेच्या इंजिनियरांनी आरंभीच असे ठरविले, की मार्गाचा चढ-उतार दर १५० मीटर अंतरास १ मीटर, याहून अधिक नसावा. गाड्या वेगाने धावाव्यात म्हणून वळणेही मोठी ठेवावयाची होती. कोणत्याही वळणाची त्रिज्या शक्यतो १,२५० मीटरांहून कमी असू नये, असा नियम त्यांनी घालून घेतला. या नियमाने पानवलच्या दरीचा हिशेब मांडून पाहावा. ६४ मीटर खाली उतरावयाचे, तर ६४ गुणिले १५०, म्हणजे ९,६०० मीटर अंतर पाहिजे. तळाशी जाण्यास जवळजवळ १० किलोमीटर आणि पुन्हा वर येण्यास तितकेच! ज्या दरीची रुंदी अर्धा किलोमीटरही नाही, ती ओलांडण्यासाठी २० किलोमीटरांचा फेरा घालणे शहाणपणाचे नव्हते. कोकणात तर एक दरी संपते तोच दुसरी येते. यास्तव डोंगर आला की त्यातून बोगदा काढावयाचा आणि दरी आली की तिच्यावरून सरळ पूल न्यावयाचा, हाच मार्ग उरला. पानवलचा पूल उंच झाला, तो कोणाला उंचीची हौस होती म्हणून नव्हे. रुळांची पातळी आणि दरीची खोली यांनीच ती उंची ठरविली.

दुसरा प्रश्न बांधणीचा. काँक्रीटचा पूल बांधण्याची नेहमीची रीत अशी, की खालून भक्कम परांची उभारावयाची, तिच्यावर साचा ठेवून त्यात काँक्रीट ओतावयाचे आणि ते घट्ट झाले म्हणजे परांची काढून घ्यावयाची. पूल ठेंगणा असेल, तर हे सोपे आहे. परंतु ६४ मीटर उंचीच्या परांचीला किती लोखंड लागेल आणि तिच्यावर काम करणाऱ्यांचा जीव किती धोक्यात येईल! त्यातून कोकणचा पाऊस वर्षातील चार महिने अशी कामे ठप्प करून टाकतो. दरीत वाहणारे वारे आणि नदीला येणारे लोंढे यांपुढे तशी परांची टिकविणे अवघड होते.

तेव्हा वेगळीच युक्ती योजण्यात आली. दरीतून प्रथम उंच खांब उभारण्यात आले. त्यांच्यावर ठेवावयाचा पूल मात्र दरीत न बांधता काठावर बांधावयाचा आणि तेथून तो खांबांच्या माथ्यांवरून पुढे ढकलीत न्यावयाचा, असे ठरले. काठावर साचा मांडून पुलाचा एक तुकडा तयार करीत. तो पक्का झाला, की तेलाच्या दाबावर चालणाऱ्या शक्तिमान जॅकांनी तो हळूहळू पुढे सरकवीत. मोकळ्या झालेल्या जागी त्याला जोडूनच दुसरा तुकडा ओतीत आणि मग दोन्ही मिळून पुढे ढकलीत. तुकड्यामागून तुकडा जोडला जाई आणि पूल दरीवरून पुढे पुढे जाई. खांबांच्या माथ्यांवर अत्यंत गुळगुळीत अशा गाद्या बसविलेल्या असतात. त्यामुळे शेकडो टनांचे वजन असूनही पूल त्यांवरून घसरत जाऊ शकतो. भारतात रेल्वेच्या पुलासाठी ही पद्धत प्रथम पानवल येथेच वापरण्यात आली.

ही युक्ती ऐकावयास सोपी वाटते. परंतु तीत दोन मोठ्या अडचणी होत्या. एका खांबावरून निघालेले पुलाचे टोक पुढच्या खांबावर पोहोचेपर्यंत अधांतरी असते. मागचा भाग काठावर असल्याने पूल उलटून पडत नाही. पण ते अधांतरी टोक स्वतःच्याच भाराने खाली वाकू लागते. यावर उपाय म्हणून पुलाच्या पुढच्या टोकाला पोलादाचा एक लांब आणि हलका सांगाडा जोडतात. इंजिनियर त्याला पुलाचे ‘नाक’ म्हणतात. हे नाक हलके असल्याने फारसे वाकत नाही आणि जड काँक्रीटच्या पुष्कळ आधी पुढच्या खांबावर जाऊन टेकते. आंधळा मनुष्य काठीने पुढची वाट चाचपून मगच पाऊल टाकतो, तसाच हा प्रकार आहे.

दुसरी अडचण काँक्रीटच्या गुणाची होती. काँक्रीट दाब मोठा सोसते. ताण मात्र त्याला सोसत नाही. ताणले गेले, की त्याला तडा जातो. ही अडचण दूर कशी होते, ते एका साध्या प्रयोगाने समजेल. दहाबारा पुस्तके एका ओळीत उभी ठेवावी आणि दोन्ही टोकांना हातांनी घट्ट दाबून ती ओळ उचलावी. मधल्या पुस्तकांना खालून आधार नसतानाही ती पडत नाहीत. हात सैल केले, की सारी खाली येतात. पुलातील काँक्रीटच्या आतून पोलादी तारांचे जुडगे नेलेले असतात. ते जोराने ताणून दोन्ही टोकांना पक्के करतात. त्या तारा पुलाला सतत दाबून धरतात, जसे हात पुस्तकांना दाबून धरतात. असे काँक्रीट दरीवर अधांतरी असतानाही तडकत नाही.

अशा रीतीने पानवलची दरी ओलांडली गेली. देशाच्या निरनिराळ्या भागांतून आलेल्या मजुरांनी आणि तरुण इंजिनियरांनी हा सारा मार्ग सुमारे सात वर्षांत पुरा केला, आणि २६ जानेवारी १९९८ पासून संपूर्ण कोकण रेल्वेवर गाड्या धावू लागल्या. परंतु हे यश फुकट मिळालेले नाही. या मार्गाच्या बांधणीत बोगदे ढासळून, दरडी कोसळून आणि इतर अपघात होऊन सत्तरहून अधिक माणसांनी आपले प्राण गमावले. रत्नागिरीच्या स्थानकाजवळ त्यांचे स्मारक उभारण्यात आले आहे. पुलावरून निर्धास्तपणे जाणाऱ्या प्रत्येक प्रवाशावर त्यांचे ऋण आहे.

आता तिसरा प्रश्न. पूल बांधून झाला, म्हणजे काम संपले काय? याचे उत्तर इतिहासाने फार पूर्वी देऊन ठेवले आहे. स्कॉटलंडमध्ये डंडी शहराजवळ टे नदीच्या विशाल मुखावर १८७८ मध्ये रेल्वेचा एक पूल सुरू झाला. तीन किलोमीटरांहून अधिक लांब असा हा पूल तेव्हा जगात नावाजलेला होता. तो बांधणाऱ्या थॉमस बाउच यांना इंग्लंडच्या राणीने ‘सर’ हा किताबही दिला. परंतु २८ डिसेंबर १८७९ च्या रात्री प्रचंड वादळ सुटले आणि पुलाचा मधला उंच भाग गाडीसह नदीत कोसळला. गाडीतील एकही मनुष्य वाचला नाही. चौकशीअंती असे आढळून आले, की पूल आखताना वाऱ्याच्या दाबाचा विचार पुरेसा केलेला नव्हता. बांधणीतही दोष होते आणि नंतरची देखभालही नीट झाली नव्हती. वारा डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याचा हिशेब सोडून चालत नाही, हा धडा जगातील इंजिनियरांना फार मोठी किंमत देऊन शिकावा लागला.

पानवलच्या पुलावर तो धडा विसरलेला नाही. येथे वाऱ्याचा वेग मोजणारे यंत्र बसविलेले आहे. असेच यंत्र गोव्यातील मांडवी व जुवारी आणि कर्नाटकातील शरावती या नद्यांवरील पुलांपाशीही आहे. वाऱ्याने घालून दिलेली मर्यादा ओलांडली, तर गाडीचा वेग कमी करण्यात येतो किंवा वारा शमेपर्यंत गाडी थांबविण्यात येते. प्रवासी कधी कधी कंटाळून म्हणतात, “गाडी उगीच का थांबली?” ती उगीच थांबलेली नसते.

वाऱ्याप्रमाणेच पाऊसही या मार्गाची परीक्षा पाहत असतो, आणि ती परीक्षा प्रत्येक वेळी उत्तीर्ण झाली, असे नाही. २२ जून २००३ च्या रात्री वैभववाडीजवळ रुळांवर आलेल्या दरडीवर गाडी आदळून पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, महाड तालुक्यात करंजाडीजवळ मत्स्यगंधा एक्स्प्रेस दगडांवर आदळली आणि तिचे डबे पुलावरून खाली कोसळले. त्यातही अनेक प्रवाशांचा अंत झाला. दोन्ही ठिकाणी घात केला तो डोंगरावरून सुटलेल्या दगडांनी. या दोन अपघातांनंतर डोंगरांचे उतार कापून सौम्य करणे, सुटे दगड काढून टाकणे आणि कड्यांवर पोलादी जाळ्या बसविणे, ही कामे मोठ्या प्रमाणावर हाती घेण्यात आली.

आज कोकण रेल्वेवर पावसाळ्यासाठी वेगळे वेळापत्रक असते आणि त्या काळात गाड्या हळू धावतात. पाऊस इतका दाट असेल की चालकास पुढचे दिसू नये, तर ताशी ४० किलोमीटरांहून अधिक वेगाने गाडी नेण्यास त्याला मनाई आहे. काळ, सावित्री आणि वाशिष्ठी या नद्यांच्या पुलांपाशी पाण्याची पातळी वाढताच इशारा देणारी यंत्रे आहेत. परंतु सर्वांत मोठा भरवसा आहे तो पायी चालणाऱ्या माणसांवर. पावसाळ्यात शेकडो कर्मचारी रात्रंदिवस मार्गावर गस्त घालीत असतात. हातात दिवा आणि अंगावर पावसाळी कोट घेतलेला गस्तवाला अंधारात एकटाच चालत असतो. रुळांवर दगड आला काय, खालची माती वाहून गेली काय, पाणी चढले काय, हे तो डोळ्यांत तेल घालून पाहतो. धोका दिसताच गाडी थांबविणे, हे त्याचे पहिले कर्तव्य होय.

पानवलच्या पुलाला उंचीत मागे टाकणारे पूल पुढे बांधले गेले. जम्मू-काश्मीरमध्ये चिनाब नदीवर ३५९ मीटर उंचीचा रेल्वेचा पूल उभा राहिला आणि ६ जून २०२५ रोजी त्याचे उद्घाटन झाले. पानवलच्या पुलावरही बदल झाले. पूर्वी येथून डिझेलची इंजिने धावत. २०२२ मध्ये संपूर्ण कोकण रेल्वेचे विद्युतीकरण पुरे झाले आणि पुलावर विजेच्या तारा आल्या. परंतु चढाचा हिशेब, वाऱ्याचा दाब आणि पावसाचा जोर यांत काहीही बदल झालेला नाही. म्हणून या पुलाची तपासणी दर वर्षी पुन्हा करावी लागते आणि दर पावसाळ्यात गस्तवाल्याला पुन्हा त्याच वाटेने चालावे लागते. गणपतीच्या दिवसांत मुलाबाळांसह गावी निघालेली हजारो कुटुंबे या पुलावरून सुखरूप जातात. बहुतेकांना या नदीचे नावही ठाऊक नसते. त्यांना ते ठाऊक नसले तरी चालेल. पण पुलाची राखण करणाऱ्यांना मात्र नदी, वारा आणि पाऊस यांचा क्षणभरही विसर पडून चालत नाही.

स्वाध्याय

१. कोकणात आगगाडीची गरज लोकांना का वाटत होती?

२. मोटारीचा रस्ता दरीत उतरतो. पण आगगाडी तशी उतरू शकत नाही. याचे कारण सांगा.

३. चढ-उतार दर १५० मीटरांस १ मीटर असेल, तर ४० मीटर खाली उतरण्यास किती लांबीचा मार्ग लागेल?

४. पुलाच्या पुढच्या टोकाला पोलादी ‘नाक’ का जोडतात?

५. पुस्तकांच्या ओळीचा प्रयोग करून पाहा आणि त्यावरून पुलातील पोलादी तारांचे कार्य पाच-सहा ओळींत लिहा.

६. टे नदीवरील पुलाच्या अपघातापासून कोणता धडा मिळाला? तो पानवल येथे कसा पाळला जातो?

७. पुढील शब्दप्रयोगांचा वाक्यांत उपयोग करा : डोळ्यांत तेल घालून पाहणे, प्राणांस मुकणे, ठप्प होणे, ध्यानात घेणे.

८. आपल्या गावाजवळील एखाद्या पुलाची माहिती वडीलधाऱ्या माणसांना विचारून लिहा. तो केव्हा बांधला, त्यापूर्वी लोक नदी कशी ओलांडीत आणि आता त्याची देखभाल कोण करते, हे त्यात सांगा.